होय, दरवर्षी नवेगावबांधच

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन दरवर्षी त्याच गावी, त्याच तलावाकाठी जाणं म्हणजे पालकांचा आळस आणि मुलांचं नुकसान, हे मत आता आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. नागपूर-पुण्याच्या दिवाणखान्यांत ते ऐकू येतं, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांच्या बोलण्यात येतं, सहलकंपन्यांच्या जाहिराती तर त्यावरच चालतात. "यंदा कुठे?" या प्रश्नाला "नवेगावबांध" असं उत्तर दिलं की समोरचा माणूस थोडा थांबतो आणि विचारतो, "ते झालंच, पण फिरायला कुठे?" हा प्रश्न इतक्या चांगल्या माणसांनी मला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याला एकदा नीट, सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

विरोधी बाजू आधी तिच्या पूर्ण बळानिशी मांडते. ती अशी: गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, ज्याला जमतं तो त्या दिवसांत तिथून बाहेर पडतो, आत जात नाही. नवेगावबांधची कीर्ती पाहुण्या पक्ष्यांमुळे, आणि ते उन्हं तापायच्या आधीच उत्तरेकडे परतलेले असतात. उरतो अर्धा उतरलेला तलाव. बालपणात मोठ्या सुट्ट्या येतात त्या दहा-बारा. त्या सगळ्या एकाच पाण्याकाठी घालवल्या तर मूल जग कधी पाहणार? शिवाय हा जिव्हाळा खरा कोणाचा? ज्यांचे वाडे होते, धानाची शेती होती, घरात राबणारी माणसं होती, त्यांचाच. इतरांना त्या आठवणींचं काय? आणि लोकांनी तिथे यावं असं एवढं वाटत असेल, तर आधी काठावर चांगली रिसॉर्टं उभी करा, पाण्यात स्पीडबोटी सोडा, मग येऊ.

ऐकायला हे सुसंगत वाटतं. मला यातलं फार थोडं मान्य आहे, आणि जे मान्य आहे त्यातूनही हा निष्कर्ष निघत नाही.

उन्हापासून सुरुवात करू. ऊन आहेच. नवतपा लागला की अकरा वाजता गाव दारं लावून घेतं ते पाचपर्यंत उघडत नाही. पण या जिल्ह्यात तलाव आहेत ते कशामुळे? इथे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. जमीन उताराची. धानाला नेमकं लोंबी भरताना पाणी हवं असतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस दगा देतो. पुढचे आठ महिने माणसांना, गुरांना, जंगलाला पाणी हवं ते वेगळंच. म्हणून टेकड्यांच्या मधे पाळ घालून पाणी अडवायचं, हे शास्त्र इथल्या माणसांनी शतकांपूर्वी सिद्ध केलं. तलाव बांधील त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन द्यायची, हे चांद्याच्या गोंड राजांचं धोरण होतं. त्या धोरणातून कोहळी समाजानं वैनगंगेच्या खोऱ्यात तलावांमागून तलाव उभे केले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असं परंपरा सांगते. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं, आणि भोवतालच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हटलं; बांध पुरा करायला त्या बहिणींनी हात दिला, अशी श्रद्धा आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं हे पाणी उन्हाळ्याला उत्तर म्हणून जन्मलं. ते उत्तर काय आहे, हे उन्हाळ्यात नाही समजून घ्यायचं तर कधी?

आता "अर्धा उतरलेला तलाव" या तक्रारीकडे येते. डिसेंबरात आलेल्या पाहुण्याला भरलेलं पाणी दिसतं, धुकं दिसतं, दूरवर बदकांची काळी रेघ दिसते. छायाचित्र सुंदर येतं. पण तलाव काय चीज आहे ते कळतं मे महिन्यात. पाणी मागे सरतं तेव्हा पाळीच्या आतल्या अंगाची दगडी रचना उघडी पडते. कुठल्या नाल्यातून गाळ येऊन कुठे साचला, ते भेगाळलेल्या तळावर चालत जाऊन पाहता येतं. बेशरमाची झुडपं या वर्षी किती पुढे सरकली ते दिसतं. कितीही कडक उन्हाळा पडला तरी ज्या खोलगट जागी पाणी टिकतं, तिथे मासे गोळा होतात आणि माशांमागे पक्षी. पाहुणे गेलेले असतात हे खरं, पण घरचे सगळे असतात. शिंपल्या-गोगलगायी फोडणारे मुग्धबलाक, पंख पसरून उभे राहणारे पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपानांवरून चालणारे कमळपक्षी. मूल या पक्ष्यांना ओळखायला शिकतं ते पाणी कमी असतं तेव्हाच, कारण तेव्हा ते जवळ असतात आणि तिथेच असतात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी सारसाचा विचार करावा. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी, आणि त्यांची संख्या काही डझनांपलीकडे जात नाही. त्यांची मोजणी स्वयंसेवक आणि शेतकरी मिळून करतात ती जून महिन्यात, पाऊस लागण्याच्या तोंडावर, कारण पाणी आकसलेलं असताना सारस ठरावीक तलावांवर आणि बांध्यांवर सापडतात. सावन बहेकर आणि त्यांच्या 'सेवा' या संस्थेनं वर्षामागून वर्षं त्याच झिलमिली-परसवाड्याच्या बाजूला, त्याच शेतांत जाऊन हे काम केलं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. आधी कुणीतरी तेच तलाव दरवर्षी पाहत राहिलं नसतं, तर सारस कमी होताहेत हे सांगायला तरी कोण होतं? एकदा येऊन गेलेल्या पर्यटकाला एक सारस जोडी दिसली असती आणि तो आनंदानं परत गेला असता.

इथे मी दुसऱ्या आणि सगळ्यांत मोठ्या आक्षेपाला भिडते. "दरवर्षी तेच तेच पाहून मूल काय शिकणार?" या प्रश्नामागे एक समजूत आहे की ज्ञान नव्या ठिकाणी असतं आणि ओळखीच्या ठिकाणी ते संपलेलं असतं. ही समजूत मुळातच चुकीची आहे, आणि तिच्या विरुद्धचा सगळ्यांत मोठा पुरावा नवेगावबांधनंच दिला आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला आले आणि वर्षानुवर्षं राहिले. तलाव त्यांनी सगळ्या ऋतूंत पाहिला. पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावं आणि स्वभाव ते नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून शिकले. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक त्यातून आलं, पण तेवढंच नाही. त्यांच्या सगळ्या लेखनाचा पाया त्या मुक्कामात घातला गेला. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि पुढे पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले ते जग धुंडाळल्याबद्दल मिळाले का? जवळच्याच नागझिऱ्यात किरण पुरंदरे चारशे दिवस राहिले, तेव्हा 'सखा नागझिरा' लिहून झालं. व्यंकटेश माडगूळकरांनीही नागझिऱ्यावर पुस्तक लिहिलं ते तिथे मुक्काम ठोकूनच. मराठीतलं या जंगल-तलावांबद्दलचं जे काही टिकाऊ लेखन आहे, ते मुक्कामाचं आणि पुनःपुन्हा जाण्याचं आहे. दोन रात्री-तीन दिवसांच्या सहलीतून यातलं एक पान तरी आलं असतं का?

आणि "जग पाहणं" म्हणजे नक्की काय पाहणं, हेही विचारायला हवं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मुलाला घेऊन आठ दिवस राहा. बनारसच्या बाजूनं आलो असं सांगणारे आणि तलाव बांधण्याची विद्या रक्तात असलेले कोहळी भेटतील. पाण्यावर जगणारे ढिवर भेटतील. या भूमीवर ज्यांचं राज्य होतं ते गोंड भेटतील. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या बाजूला, प्रतापगड-गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. उंच थंड मुलखातून आलेली ती माणसं झाडीपट्टीच्या उन्हात तीन पिढ्या रुजली आहेत. त्यांचा गोंपा आहे, त्यांची शेतं आहेत. पलीकडे पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. त्यांनीही इथल्या पाण्यावर धान आणि मासे यांचंच जगणं पुन्हा उभं केलं. एका तालुक्यात फाळणी आहे, तिबेट आहे, गोंडांचा इतिहास आहे. हे जग नाही का? मनालीच्या मॉल रोडवर आपल्याच शहरातली माणसं भेटतात आणि आपल्याच चवीचं जेवण मिळतं. मुलांना हिमालय दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण हिमालयात चार दिवस गेलेल्या मुलाला "जग पाहिलेलं" म्हणायचं आणि तिबेटी आज्जींकडून थुक्पा खाऊन आलेल्या मुलाला "गावी गेलेलं" म्हणायचं, ही मोजपट्टी कुठली?

परदेशाचा दाखला दिल्याशिवाय आपल्याला पटत नाही, म्हणून तोही देते. फिनलंडची लोकसंख्या साधारण छप्पन्न लाख, आणि तिथे पाच लाखांहून जास्त उन्हाळी घरं आहेत, बहुतेक पाण्याकाठी. माणसं आयुष्यभर, दरवर्षी, त्याच लाकडी घरात, त्याच तळ्याकाठी जातात. आजोबांनी बांधलेला धक्का नातू दुरुस्त करतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून जास्त तळी आहेत आणि तिथल्या कुटुंबांचा उन्हाळा म्हणजे तळ्यावरचं घर. आपली मराठी मुलं तिथे नोकरीला गेली की तीही जुलैत तळ्याकाठचं केबिन भाड्यानं घेतात, फोटो पाठवतात, आणि आपण इथे कौतुकानं म्हणतो, किती छान परंपरा जपतात ही माणसं. तिथली जपली तर परंपरा आणि इथली जपली तर मागासपणा? भोवतालचं पाणी तेच काम करतं, घरातली माणसं तीच, तीन पिढ्या तशाच एका छपराखाली. फरक फक्त एवढाच की ते दुसऱ्या देशात आहे.

आता वाड्याचा आक्षेप. हा सगळ्यांत गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं. होय, मालगुजारीच्या काळात तलावाकाठच्या वाड्यांत जी सुट्टी होती तिच्यामागे अनेकांचे कष्ट होते. शेतावर गडी राबत होते. ढिवरानं पहाटे जाळं टाकून आणलेली मरळ, मागूर आणि झिंगे पंगतीत येत होते, आणि त्याचं मोल त्याला पुरेसं मिळत नव्हतं. घरातल्या माम्या, मावश्या, आज्या महिनाभर चुलीपुढे होत्या. त्यांना सुट्टी कुणी दिली? हे सगळं खरं आहे आणि ते गुलाबी रंगात रंगवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण यावरून तिथे जाणं सोडावं, हे कुठून आलं? ज्या पाण्यावर आपलं घर वाढलं आणि ज्या माणसांच्या श्रमावर आपल्या सुट्ट्या झाल्या, त्यांच्याकडे पाठ फिरवून गोव्याला गेलं की तो हिशेब मिटतो का? उलट ज्याच्याकडे काही देणं आहे त्यानं परत गेलं पाहिजे. आमच्या घरात आता पुरुष भाजी चिरतात, भांडी घासतात, मासे रोख पैसे देऊन घेतले जातात आणि ढिवर काका पाळीवर बसून मुलांना जाळं विणायला शिकवतात तेव्हा मुलं त्यांना गुरुजी म्हणतात. सुट्टी अशी बदलता येते. बंद करून ती बदलत नाही.

बायकांचं तर मला याहून पुढे जाऊन सांगायचं आहे. ही सुट्टी खरी कोणाची होती? माहेरी आलेल्या लेकींची. शेताच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव नव्हतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, आणि आजही किती बहिणी तो सोडून देतात. पण तलावाचा घाट तिचा होता. त्या घाटावर ती पोहायला शिकली होती, त्याच घाटावर तिनं आपल्या मुलांना पाण्यात ढकललं. माझ्या आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून लेकीकडे या तलावाची ओळख आली ती चार वेगवेगळ्या आडनावांतून. कुठल्याही कागदावर नसलेला हा वारसा बायकांनी फक्त दर मे महिन्यात परत येऊन चालवला. त्याला "वाडेवाल्यांची हळहळ" म्हणणाऱ्यांनी आधी वाड्यात कोण मालक होतं आणि घाटावर कोण होतं, हे तरी पाहावं.

मालगुजारी संपली, त्यानंतर काय झालं तेही या आक्षेपाच्या संदर्भात पाहण्यासारखं आहे. १९५० च्या कायद्यानं मध्य प्रांतातले मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण जमिनीबरोबर तलावही सरकारकडे गेले, आणि भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीतले सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव कुठल्या ना कुठल्या खात्याच्या नोंदवहीतले आकडे झाले. पूर्वी उन्हाळ्यात गावकरी बैलगाड्या घेऊन तळात उतरत, गाळ शेतात नेत. तलावही मोकळा होई आणि शेतही सुपीक होई. पाळीची डागडुजी गावानं मिळून करायची, हा रिवाज होता. तलाव सरकारचा झाल्यावर ते कोणी का करावं? गाळ चढत गेला. बेशरमानं काठ गिळले. देवधान, शिंगाडा, कमळ कमी होत गेलं. मत्स्यबीज म्हणून रोहू, कटला, मृगळ सोडले गेले आणि तलावातले गावठी मासे हटत गेले. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तिचं मी स्वागतच करते. पण यंत्रानं तळ सरसकट खरवडला की गाळाबरोबर पाणवनस्पतींचं बी आणि मुळंही जातात, हे ढिवरांना ठाऊक असतं, यंत्र चालवणाऱ्याला नसतं. म्हणजे तलावाचा मालक गेला, मग राखण करणारे गेले. आता उरलेत त्याचे नातेवाईक, सुट्टीत येणारे. त्यांनीही येऊ नये असा तुमचा सल्ला आहे. मग या पाण्याकडे आपलं म्हणून पाहणारं शहरातलं एक तरी माणूस उरेल का?

कारण तलाव कसा बिघडतो? तो एका रात्रीत आटत नाही. दरवर्षी एक पायरी उघडी पडते, दरवर्षी कमळाचं बेट वावभर आकसतं. पहिल्यांदा आलेल्याला जे दिसतं तेच त्याला मूळचं वाटतं. बेशरमानं भरलेला काठ पाहून तो म्हणतो, किती हिरवंगार! आजारी म्हाताऱ्या आईला पाहुणा भेटला तर त्याला ती ठीकच वाटते. तिचं वजन उतरलंय हे लेकीच्या एका नजरेत येतं, कारण लेकीनं तिला मागच्या उन्हाळ्यात पाहिलेलं असतं. आमच्या घाटावर आजीच्या काळी पाणी कुठवर असायचं, आईच्या काळी कुठवर, हे मला ठाऊक आहे. आईला मालडोंगरीच्या बेटाकडे जाताना लागणाऱ्या वनस्पतींची नावं येतात. त्यातल्या काही मी पाहिल्या आहेत, माझ्या लेकीनं पाहिलेल्या नाहीत. ही नोंद कुठल्या खात्याकडे आहे? सिंचनाच्या फायलीत पाण्याचं क्षेत्र आहे, भिजणारे हेक्टर आहेत. कमळ नाही, मरळ नाही, पायऱ्या नाहीत. एकाच तलावाकडे तीन पिढ्या परत येतात तेव्हाच हा पुरावा तयार होतो. त्या पुराव्याला तुम्ही कंटाळवाणी पुनरावृत्ती म्हणता?

हा पुरावा कामाला येतो, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. याच भागात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजासोबत तलाव सुधारण्याचं काम केलं, ते कशाच्या आधारावर? पूर्वी तलावात कुठली वनस्पती कुठे होती, कुठला मासा कुठे अंडी घालायचा, या जुन्या माणसांच्या स्मरणाच्या आधारावर. बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि गावठी मासे परत आले. ढिवरांचं ज्ञान वर्षभराचं आहे, आमचं सुट्टीपुरतं. त्यांची बरोबरी आम्ही करू शकत नाही आणि करूही नये. पण साक्ष द्यायला, कागद करायला, नागपूर-मुंबईत आवाज उठवायला बाहेरचीही माणसं लागतात, आणि ती साक्ष देणार ज्यांनी पाहिलं आहे तेच.

रिसॉर्टवाल्यांना माझं उत्तर थोडक्यात आहे. स्वच्छ शौचालयं हवीत, राहायला साध्या खोल्या हव्यात, नावेत प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवं. याबद्दल दुमत नाही. दर उन्हाळ्यात तलावांत पोरं बुडतात, म्हणून पाळीवर माणूस हवा आणि प्रत्येक मुलाला पोहता यायला हवं. पण स्पीडबोट? हा तलाव नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. ते उद्यान १९७५ मध्ये जाहीर झालं आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. इथल्या पक्षी अभयारण्याला सालिम अलींचं नाव दिलेलं आहे. ज्या उथळ काठांवर पक्षी आणि मासे वाढतात त्यांवरून इंजिनं फिरवायची, ढिवरांची जाळी तोडायची, रात्री दिव्यांनी पाणी उजळायचं, आणि याला म्हणायचं लोकांना तलावाकडे आणणं! असं आलेल्या माणसाला त्या पाण्याशी काय देणं-घेणं असणार? त्याला बोट हवी. तलाव सुकला तर तो दुसऱ्या बोटीकडे जाईल. वनहक्क कायदा २००६ नं पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न यांवर गावांचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. विकासाची भाषा बोलणाऱ्यांनी आधी त्या हक्काची अंमलबजावणी मागावी. ज्या कुटुंबाला आपल्या मुलांना पाण्याची ओळख करून द्यायची आहे त्याला पाळ, घाट, सावली आणि गावातलं एक घर पुरतं.

आणि ज्यांचं गाव या काठी नाही त्यांचं काय, असं मला विचारलं जातं. त्यांनीही यावं. नातं काही जन्मानंच जडतं असं नाही. चितमपल्लींचं कुठे या गावात आजोळ होतं? या जिल्ह्यात बोदलकसा आहे, चोरखमारा आहे, इटियाडोह आहे, आणि नाव नसलेल्या शेकडो बोड्या आहेत. एक निवडा. मात्र एकच निवडा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच या. पहिल्या वर्षी मूल कंटाळेल, आणि त्याला कंटाळू द्या. कंटाळलेलं मूलच पाण्यात खडे टाकता टाकता पाण्याकडे पाहायला लागतं. दुसऱ्या वर्षी ते स्वतःहून विचारेल, ते झाड कुठे गेलं? हा प्रश्न कुठल्याही सहलीच्या तिकिटात मिळत नाही.

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या एका गोष्टीचा फायदा आपण घेतच नाही. आपली सुट्टी तलावाच्या सगळ्यांत रित्या दिवसांपासून पहिल्या पावसापर्यंत पोचते. मूल मे महिन्यात तळात उतरून चालू शकतं आणि त्याच सुट्टीत, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नाले वाहू लागलेले पाहू शकतं, प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे पाहू शकतं, बांध्यांत पऱ्ह्यांची तयारी पाहू शकतं. जगातल्या कुठल्या सहलीत एका मुक्कामात एवढं दाखवतात? आणि परत निघताना त्यानं एक वही लिहावी: पाणी कुठल्या पायरीवर होतं, कोणते पक्षी दिसले, कमळ कुठवर होतं, ढिवर काकांना कोणते मासे मिळाले. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती दाखवा म्हणावं, आणि आजीला जे आठवतं तेही त्यात लिहून घ्या म्हणावं. नोंदवही नसेल तर का नाही, हे विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा विचारावं.

तेव्हा "फिरायला कुठे?" असं मला यंदाही कुणी विचारलं तर उत्तर तेच आहे. मी नवेगावबांधला जाते आहे, लेकीला घेऊन जाते आहे, आणि तिनं तिच्या मुलांना आणावं म्हणून जाते आहे. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणारी गाडी देवलगावला थांबते. तिथून तलाव जवळ आहे. तिकीट काढा आणि या.